मोकळीक आणि बंध
(यंत्राच्या आराखड्यातील सुट्या भागांच्या चालीविषयी औसा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बैलगाडीचे चाक लाकडाच्या अनेक तुकड्यांचे बनलेले असते. मधला तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, त्यांच्याभोवतीची लाकडी कड आणि तीवर तापवून चढविलेली लोखंडी धाव, हे सारे भाग सुताराने व लोहाराने एकत्र जखडले म्हणजे त्यांचे एक चाक होते. मग ते चाक आसावर चढते. त्याने आसाभोवती फिरावयाचे असते; आसावरून बाहेर मात्र सरकावयाचे नसते, म्हणून टोकाला खीळ घालतात. आरा तुंब्यात हलता कामा नये, पण चाक आसावर फिरले पाहिजे. कोणता भाग जखडावा आणि कोणता मोकळा सोडावा हा भेद ज्या कारागिराला उमगला, त्याची गाडी पिढ्यान्‌पिढ्या चालते. ज्याला उमगला नाही, त्याची गाडी एक तर जागची हलत नाही, नाही तर भर वाटेत मोडते.

आज यंत्राचा आराखडा कागदाऐवजी संगणकाच्या पडद्यावर तयार होतो. साधने बदलली, तरी कारागिरापुढचा मूळ प्रश्न तोच राहिला आहे. पडद्यावर यंत्राचे सुटे भाग काढणे हे काम तुलनेने सोपे. ते भाग जुळविल्यानंतर कोणी हलावे, किती हलावे आणि कोणाबरोबर हलावे हे संगणकाला नेमके सांगणे, हे खरे कौशल्याचे काम. यंत्राचा लहान गट, म्हणजे उपजुळणी, मोठ्या जुळणीत बसविताना तर या कौशल्याची कसोटीच लागते. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

विषयाची निकड

हा विषय पुण्या-मुंबईच्या कारखान्यांपुरता आहे, औशाच्या शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. परंतु औशापासून अगदी जवळ, लातूरलगत हरंगुळ येथे मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा राहिला आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वंदे भारत शयनयान गाड्यांच्या १,९२० डब्यांच्या निर्मितीचा करार झाला आणि त्यासाठी याच कारखान्याची निवड करण्यात आली.

अशा कारखान्याच्या फाटकातून औसा, निलंगा, अहमदपूर या तालुक्यांतील तरुण कोणत्या नात्याने आत जाणार, हा प्रश्न आपल्या सर्वांच्या विचाराचा आहे. सांधणारे, तासणारे, जुळविणारे हात तेथे लागतातच आणि त्या कामाची प्रतिष्ठा थोडीही कमी नाही. परंतु आराखडा करणारे, तपासणारे आणि त्यातील चूक लोखंड कापण्यापूर्वी ओळखणारे डोळेही या मातीतून का निघू नयेत? त्यासाठी लागणारी समज या भागात मुळीच नाही असे नव्हे. ती तिफणीत आहे, गाडीत आहे. तिला शास्त्राची भाषा मिळणे तेवढे बाकी आहे.

सहा मोकळिका

अवकाशात सुट्या असलेल्या कोणत्याही घन वस्तूला सहा प्रकारांनी हलता येते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तीन सरळ चाली. आणि याच तीन दिशांच्या अक्षांभोवती फिरण्याच्या तीन वळत्या चाली. यांना आपण सहा मोकळिका म्हणू. यंत्ररचना म्हणजे या मोकळिकांपैकी नको असलेल्या काढून घेणे आणि हव्या त्याच ठेवणे होय.

घराचे दार पाहावे. बिजागऱ्यांनी त्याच्या पाच मोकळिका काढून घेतल्या आणि एक शिल्लक ठेवली, ती म्हणजे उभ्या अक्षाभोवती फिरण्याची. ही उरलेली मोकळीकही अमर्याद नाही. एका बाजूस चौकट आणि दुसऱ्या बाजूस भिंत तिला अडविते. गाडीच्या चाकाचेही तसेच. तुंब्याचे भोक आणि आस यांचा अक्ष एक असणे हा एक बंध. खिळीमुळे चाकाने जागा न सोडणे हा दुसरा. या दोन बंधांनी मिळून पाच मोकळिका संपतात आणि फिरणे तेवढे उरते.

संगणकावर आराखडा करणारा नेमके हेच करतो. या दोन पृष्ठभागांनी एकमेकांस चिकटून राहावे, या दोन गोलांचा अक्ष एक असावा, या दोन कडांत इतके अंतर राहावे, हा कोन इतक्या अंशांपासून इतक्या अंशांपर्यंतच बदलावा, अशा आज्ञा तो देतो. आज्ञा दिली नाही तर संगणक काहीही गृहीत धरत नाही. खऱ्या दाराला भिंत आपोआप अडविते. पडद्यावरचे दार मर्यादा सांगितली नसेल तर भिंतीतून आरपार जाते. लोखंडातून लोखंड निघून जाते आणि पडद्यावर काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही.

बंधांची ही कल्पना संगणकीय आरेखनाच्या जन्मापासूनची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ ही प्रणाली आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधातून मांडली. तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत आणि या दोन रेषा समांतर राहाव्यात अशी अटही घालता येई. नंतर एक रेषा हलविली तरी यंत्र ती अट पाळीत असे. आजच्या सर्व प्रणाली याच वाटेने पुढे आल्या आहेत.

उपजुळणी : ताठर की लवचीक

मोठे यंत्र शेकडो, कधी हजारो भागांचे असते. ते सारे भाग एकाच ठिकाणी ओतून जुळवू गेल्यास गोंधळ माजतो. म्हणून आधी लहान गट जुळवितात आणि मग ते गट मोठ्या यंत्रात बसवितात. सुतारही आधी चाक पुरे करतो आणि मगच ते गाडीला लावतो. या लहान गटास उपजुळणी म्हणावे.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा येतो. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर यांसारख्या प्रचलित प्रणालींत उपजुळणी मोठ्या जुळणीत आणली की ती प्रथम ताठर मानली जाते. म्हणजे तिचे आतले सारे भाग एकाच दगडात कोरल्याप्रमाणे स्थिर होतात. गाडीच्या चाकासाठी हे योग्यच आहे, कारण आऱ्यांनी हलावयाचे नसतेच. तिफणीचेही तसे. दिंडात बसविलेल्या तीन फणांतील अंतर पेरणीभर बदलता कामा नये. बैल वळले की तिफण सगळी मिळून एकच वस्तू म्हणून वळते. या झाल्या जातिवंत ताठर उपजुळण्या.

परंतु ट्रॅक्टरच्या मागे लावतात ती उलटणारी ट्रॉली घेतली तर प्रकार निराळा दिसतो. ट्रॉलीचा हौद उचलणारा तेलदाबाचा जॅक हीसुद्धा उपजुळणीच. बाहेरची नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा हे तिचे मुख्य भाग. जॅकचे खालचे टोक सांगाड्याला आणि वरचे टोक हौदाला, दोन्हीकडे पिनीने जोडलेले असते. हौद वर उचलला जाताना दांडा बाहेर येतो आणि सबंध जॅक थोडा कलतोही. पडद्यावर हा जॅक ताठर ठेवला तर दांडा नळीत गोठून राहतो आणि हौद जागचा उचलत नाही. शिकाऊ मुलगा मग आपले बंध चुकले असे समजून ते एकामागून एक काढू लागतो. दोष बंधांत नसतो. उपजुळणीला लवचीक म्हणून घोषित करणे तेवढे राहिलेले असते. ते केले की आतल्या भागांना त्यांच्या मूळ बंधांच्या मर्यादेत हलण्याची मुभा मिळते.

लवचीक या शब्दाने मात्र फसू नये. येथे रबरासारखे वाकणे अभिप्रेत नाही. प्रत्येक भाग पूर्वीइतकाच कठीण राहतो. भागांमधील नात्याला तेवढी चाल मिळते. शिवाय ही मुभा एकेका नगाला स्वतंत्रपणे देता येते. एकाच बनावटीच्या दोन जॅकांपैकी एक पूर्ण मिटलेला आणि दुसरा अर्धा उघडलेला असे दोघेही एकाच आराखड्यात दाखविता येतात.

रेल्वेच्या डब्याचा धडा

याचे सर्वांत बोलके उदाहरण रेल्वेच्या डब्यात सापडते. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर तोडावे लागते. दोन्ही चाके आसावर स्वतंत्रपणे फिरत असल्यामुळे गाडी सहज वळते. रेल्वेत तसे नाही. तेथे दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट दाबून बसविलेली असतात आणि आसासह एकत्र फिरतात. बैलगाडीने चाकांना दिलेली मोकळीक रेल्वेने काढून घेतली. काढून घेतलेली मोकळीक दुसरीकडे कोठे तरी द्यावी लागते. म्हणून रेल्वेच्या चाकाची धाव किंचित उतरती ठेवतात. वळणावर चाकजोडी बाहेरच्या बाजूस थोडी सरकते, बाहेरचे चाक मोठ्या परिघावर आणि आतले लहान परिघावर चालते. तसेच लांब डब्याखाली चाकजोड्यांचे दोन गाडे, म्हणजे बोगी, बसवून त्यांना डब्याखाली वळण्याची सोय करून देतात.

लातूर भागाला ही गोष्ट नवी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत येऊन पोहोचली. तिच्या रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर होते. हलके रूळ, थोडा खर्च आणि तीव्र वळणे या अटींत अधिक माल वाहावयाचा होता. म्हणून एका आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आला आणि वाहने बोगींवर उभारण्यात आली. रुंद रूळ येईपर्यंत सुमारे शतकभर लातूरची बाजारपेठ या अरुंद रुळांवरून बाहेरच्या जगाशी जोडलेली होती.

आता आजचा एलएचबी बनावटीचा डबा पाहू. त्याच्या सांगाड्याची लांबी २३.५४ मीटर. दोन बोगींच्या मध्यबिंदूंतील अंतर १४.९ मीटर. एका बोगीतील दोन आसांमधील अंतर २.५६ मीटर. भारतातील रुंद मार्गावर वळणाची किमान त्रिज्या १७५ मीटर धरलेली आहे. अशा वळणावर डबा आला की भूमितीने हिशेब करता प्रत्येक बोगी डब्याच्या अक्षापासून सुमारे २.४ अंश वळते. त्यातही पुढची बोगी एका बाजूस वळते आणि मागची विरुद्ध बाजूस. डब्याचा मध्यभाग वळणाच्या आतील अंगास सुमारे १६ सेंटिमीटर येतो आणि टोके बाहेरच्या अंगास सुमारे २४ सेंटिमीटर जातात.

अडीच अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतात. पण बोगीच्या मध्यापासून १.२८ मीटरवर असलेला तिचा आस या वळणात सुमारे साडेपाच सेंटिमीटर बाजूस सरकतो. डब्याकडून बोगीकडे जाणारी ब्रेकची रबरी नळी त्या ठिकाणी जोडलेली असेल, तर तिला तेवढा ढिलावा हवा. आराखड्यात डबा ताठर ठेवून दोन्ही बोगी सरळ गोठविल्या असतील, तर पडद्यावर नळी अगदी बेताची आणि नेटकी दिसते. ती अपुरी आहे हे वळणावरच कळते. तेव्हा चूक एका नळीची राहत नाही. तिच्यावर विसंबून बसलेल्या माणसांची होते.

किती मोकळीक, हाही विवेकाचा प्रश्न

मग सगळेच लवचीक करून टाकावे, असे कोणी म्हणेल. तेही शहाणपणाचे नाही. स्थूलमानाने एका बोगीचे मुख्य भाग आठ धरू : एक चौकट, एक आडवी तुळई, दोन चाकजोड्या आणि चार आसपेट्या. दोन बोगींचे सोळा आणि सांगाड्याचा एक, असे एका डब्याचे सतरा भाग होतात. सोळा डब्यांच्या गाडीत ते २७२ होतात. प्रत्येकाच्या सहा मोकळिका धरल्या तर संगणकाला एकेका हालचालीसाठी १,६३२ राशींचा मेळ घालावा लागतो. उलट प्रत्येक डबा पूर्ण ताठर धरला तर त्या राशी ९६ एवढ्याच राहतात. पण मग बोगी वळतच नाहीत.

मधला मार्ग असा. गाडी वळणावर कशी बसते हे पाहावयाचे असेल तर डबा लवचीक आणि त्यातील बोगी ताठर ठेवावी. प्रत्येक डब्याचे तीन घटक होऊन एकूण राशी २८८ होतात आणि हवे ते सारे दिसते. स्प्रिंग किती दबते हे पाहावयाचे असेल तर एकटी बोगी बाहेर काढून तीच लवचीक करावी. ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, त्या प्रश्नापुरतीच मोकळीक द्यावी, हा येथील नियम होय.

याच्या जोडीला आणखी चार पथ्ये आहेत. प्रत्येक जुळणीत एक भाग भक्कम रोवून ठेवावा, नाही तर एक भाग ओढताच सारे यंत्र पडद्यावर तरंगू लागते. जे नाते उपजुळणीच्या आत सांगितले आहे, ते वरच्या जुळणीत पुन्हा सांगू नये; एकाच भागाला दोन धन्यांनी दोन आज्ञा दिल्या की संगणक अडून बसतो. भाग डोळ्यांना ठीक दिसला म्हणून तेथेच खिळवू नये. उद्या एखादे माप बदलले की असा भाग मागे राहून जातो. आणि जी चाल शिल्लक ठेवली, तिला मर्यादा घालून ती दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहावी. हौद पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना काही कोठे आदळत नाही ना, याची खात्री करावी. मधल्या स्थितीत सगळीच यंत्रे चांगली दिसतात.

बंध चुकल्याची किंमत किती भारी असते, हे औसा तालुक्याला वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले त्यात जमीन हादरली हे तर खरेच; पण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून त्या भिंती फुटल्या आणि वरच्या जड माळवदांसह माणसांवर कोसळल्या. पुढे घरे बांधताना आणि जुनी सावरताना कोपरे बांधण्यावर आणि भिंतींना सलग पट्टा देण्यावर भर देण्यात आला तो यामुळेच. कशाला कशाशी बांधावयाचे हा प्रश्न भिंतीचा असो की यंत्राचा, त्याचे उत्तर आधी विचारपूर्वक ठरवावे लागते.

कर्तव्याची वाटणी

शिक्षकांनी या विषयाची सुरुवात संगणकाच्या खोलीत न करता शाळेच्या अंगणात करावी. गाडी, तिफण, सायकल, रहाट यांपैकी काहीही समोर ठेवावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत. यात स्थिर कोण? कोण कोणाशी बांधलेले? जे हलते ते कोठपर्यंत हलते? ही तीन उत्तरे ज्या मुलीला किंवा मुलाला वहीत नीट लिहिता आली, त्याला पुढे कोणतीही प्रणाली शिकणे जड जाणार नाही. बटणे कोठे आहेत हे आठवडाभरात कळते; काय मोकळे सोडावे हे कळावयास नजर तयार व्हावी लागते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत यांत्रिक आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आणि नांदेडची १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था या वाटेवरच्या पुढच्या पायऱ्या आहेत. दहावीनंतरच्या मुलांना, विशेषतः मुलींना, या मार्गाची माहिती देणे हे शाळेचे काम आहे. आराखड्याच्या मेजाला ताकद लागत नाही, चिकाटी लागते.

पंचायत सदस्यांना खर्चाची चिंता असते आणि ती रास्त आहे. मोठ्या प्रणालींचे परवाने महाग असतात. परंतु फ्रीकॅड ही प्रणाली विनामूल्य आणि मुक्त आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या १.० या आवृत्तीत सुटे भाग जुळविण्याची आणि त्यांची चाल पाहण्याची सोय अंगभूत आली. ग्रंथालयातील एका साध्या संगणकावर तिच्या साहाय्याने गावातील मुले गावातल्याच अवजारांचे आराखडे करू शकतील. कारागिराच्या हाती असलेली मापे त्याच्याबरोबरच नाहीशी होतात. ती नोंदवून ठेवणे हेही गावाचेच धन सांभाळणे आहे.

अधिकाऱ्यांनी एवढेच पाहावे की गावोगावच्या कार्यशाळांतून तयार होणाऱ्या ट्रॉल्या आणि पेरणीची यंत्रे यांच्या कारागिरांची आणि तंत्रशाळांतील विद्यार्थ्यांची गाठ पडेल. कारागिराला अनुभव आहे, विद्यार्थ्याला पडदा आहे. दोघे एकत्र बसले तर जी चूक आज लोखंड कापून, सांधून, मोडून कळते, ती उद्या एक तुकडाही न कापता कळेल. वाचलेले लोखंड हा लहान लाभ. न झालेला अपघात हा मोठा.

यंत्राचे शास्त्र अखेर एवढेच सांगते की नको तेथे दिलेली मोकळीक यंत्राला खिळखिळे करते आणि हवी तेथे नाकारलेली मोकळीक ते मोडते. औशाच्या सुताराला हे खिळीपासून ठाऊक होते. त्याच्या नातवंडांनी तेच ज्ञान रेल्वेच्या डब्यापर्यंत न्यावे, आणि त्यासाठी लागणारी वाट शाळेने, पंचायतीने आणि शासनाने मिळून मोकळी करून द्यावी.